लिमिटेड एडिशन प्रिंट घ्यायला जाताय? आधी एवढं बघून ठेवा

लिमिटेड एडिशन प्रिंट म्हणजे चित्राच्या मोजक्याच, नंबर घातलेल्या छापील प्रती. सगळ्यात आधी खिशात एक दहापट मोठं दाखवणारं भिंग टाका आणि प्रिंट फ्रेममधून काढून दाखवा असं सांगायला लाजू नका, कारण काचेआडून कडा, मागची बाजू, कागद यातलं काहीच नीट दिसत नाही आणि बऱ्याचदा गोची तिथेच असते. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची बारीक बारीक फुलं दिसली तर ती सरळ ऑफसेटवर, म्हणजे पुस्तकं-पोस्टर छापतात त्या मशीनवर छापलेली आहे, मग ती लिथोग्राफ (दगडावर किंवा पत्र्यावर चित्र काढून त्यावरून छापलेली प्रिंट) म्हणून गळ्यात मारत असतील तर तिथूनच निघा. एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर अॅसिडने रेषा कोरून छापलेलं चित्र असेल तर तो पत्रा, म्हणजे प्लेट, कागदात दाबली गेल्याची खूण चित्राभोवती असते, बोटाला हलकीशी लागते. जिक्ले हे नाव ऐकून दबून जाऊ नका, तो चांगल्या शाईचा इंकजेटच आहे, चांगला असू शकतो पण हाताने छापलेला नव्हे.

आता खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा. १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी, आणि लोक १/५० साठी उगाच जीव टाकतात, पण सह्या-नंबर बहुतेक वेळा सगळा गठ्ठा सुकल्यावर होतात, त्यामुळे एक नंबरची प्रिंट खरंच पहिली निघालेली असेलच असं नाही. ड्रायपॉइंटची (तांब्याच्या पत्र्यावर थेट सुईने ओरखडून केलेल्या प्रिंटची) गोष्ट वेगळी, तिथे ओरखड्याशेजारी उठलेली तांब्याची कड दाबाने लवकर झिजते आणि सुरुवातीच्या प्रिंट खरंच जास्त मखमली येतात.

एक प्रश्न मात्र लेखी विचारा: या पन्नासांशिवाय अजून किती आहेत? आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या नंबराबाहेरच्या प्रती असतात, साधारण दहा टक्के धरतात, त्यात छापणाऱ्याच्या वेगळ्या, शिवाय हेच चित्र दुसऱ्या साइजमध्ये वेगळी एडिशन म्हणून काढलंय का, पुढे काढणार आहेत का, आणि प्लेटचं काय केलं, रेघा मारून रद्द केली की ठेवलीये. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या काप्रिचोस या एचिंगच्या मालिकेच्या प्लेटा घ्या ना, पहिली एडिशन १७९९ ची आणि त्याच प्लेटांवरून १९३७ पर्यंत छपाई चालू होती, तो जाऊन शंभरेक वर्षं झाली तरी! म्हणजे गोयाची ओरिजिनल एचिंग एवढंच ऐकून भागत नाही, कितव्या एडिशनची ते विचारावंच लागतं.

सहीवरही डोळे मिटून विश्वास नको. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, तेव्हा सही खरी आणि खालचं चित्र भलतंच असा प्रकारही होतो. सर्टिफिकेट तर कोणीही छापतं, त्यापेक्षा पावत्या, आधी कोणाकडे होती याची साखळी, कागदावर छापखान्याचा उठावदार शिक्का असला तर तो, आणि त्या कलाकाराच्या कामांची पूर्ण सूची निघालेली असेल तर त्यातलं माप आणि कागद जुळतायत का ते बघा. माप कमी भरलं तर कोणीतरी मार्जिन कापलेत, किंमत तिथेच पडते.

तपकिरी ठिपके, मागे सेलोटेप, बोर्डाला चिकटवून टाकलेली प्रिंट, यातलं काही दिसलं तर भाव पाडा नाहीतर सोडा. आणि फ्रेमवाला आधीच ठरवून ठेवा, अॅसिड-फ्री माउंट (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा), ऊन अडवणारी यूव्ही काच, वरच्या कडेला फक्त जपानी कागदाच्या पट्ट्या, आणि प्रिंट काचेला टेकता कामा नये, हे त्याला दोनदा सांगा, एकदा सांगून तो ऐकत नाही.