जर्मनीत विवाह करू इच्छिणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी मार्गदर्शन

जर्मनीत विवाह कायदेशीर ठरतो तो ‘स्टांडेसआम्ट’ या नागरी नोंदणी कार्यालयात. हा नियम १८७६ पासून देशभर लागू आहे. त्यामुळे तेथील देवळात सप्तपदी झाली किंवा चर्चमध्ये विधी झाला, तरी कायद्याच्या लेखी ती जोडी अविवाहितच राहते. दोघांपैकी कोणीही जर्मन नागरिक नसेल, तर त्यांच्यापैकी एकाच्या देशाने रीतसर अधिकार दिलेल्या व्यक्तीसमोर विवाह करण्याची मुभा आहे. मात्र एक जण जर्मन असल्यास ही सवलत मिळत नाही.

विवाहाची पात्रता प्रत्येकाच्या मायदेशाच्या कायद्यानुसार तपासली जाते. जर्मनीत वयाची अट १८ वर्षांची असली, तरी भारतीय वराला २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. मामेबहिणीशी विवाह जर्मन कायद्याला मान्य आहे. परंतु हिंदू विवाह कायद्यात तो निषिद्ध नात्यांत मोडतो आणि रूढी असेल तरच चालतो, त्यामुळे आपल्याकडच्या काही घरांत सहज जुळणारे हे नाते तिथे स्पष्टीकरण मागू शकते.

खरी अडचण पुढे आहे. विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचे मायदेशाच्या शासनाचे प्रमाणपत्र परदेशी नागरिकाने द्यावे, अशी जर्मन कायद्याची अपेक्षा आहे. भारतात तसे प्रमाणपत्र दिले जात नाही. म्हणून त्यातून सूट मिळवण्याचा अर्ज स्टांडेसआम्टमार्फत उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडे जातो, आणि मिळालेली सूट सहा महिनेच टिकते. या अर्जासोबत अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते; पुष्कळदा तेच सांगणारे आईवडिलांचे प्रतिज्ञापत्रही मागितले जाते. पूर्वी विवाह झालेला असल्यास न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला द्यावा लागतो.

कागदपत्रांवर अपॉस्टिलचा, म्हणजे करारातील देशांत कागद खरा मानला जावा म्हणून दिला जाणारा, शिक्का मारून घेतला म्हणजे काम झाले, असा समज सर्रास आढळतो. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे हे खरे. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतलेला असल्यामुळे तो शिक्का या दोन देशांदरम्यान उपयोगी पडत नाही. त्याऐवजी जर्मन कार्यालय भारतातील आपल्या दूतावासामार्फत किंवा वाणिज्य दूतावासामार्फत पडताळणी करवून घेते. जन्मनोंद खरी आहे का, हे मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन पाहिले जाते, आणि त्यात महिने जातात. त्याचा खर्चही आपल्यालाच सोसावा लागतो. हॉल आणि विमानाची तिकिटे त्यानंतरच ठरवावीत.

या पडताळणीत गाडी अडते ती बहुधा जन्मदाखल्यावर. आपल्याकडील अनेक जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण बारशापूर्वीच जन्माची नोंद झालेली असते. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नाव चढवून मराठी-इंग्रजी दाखला आधीच काढून ठेवावा. दाखल्यावर आईचे नाव ‘सुलोचना’ आणि पासपोर्टवर ‘सुलोचनाबाई’ असेल, तर आपल्याला त्यात वावगे वाटत नाही; नोंदणी अधिकाऱ्याला मात्र त्या दोन स्त्रिया वाटू शकतात. मधले नाव वडिलांचे आहे, हेही तिथे समजावून सांगावे लागते, अन्यथा ते आपलेच दुसरे नाव म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असते. कागदपत्रांचे जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे, आणि त्याआधी संबंधित स्टांडेसआम्टकडून कागदांची यादी लेखी मागून घ्यावी, कारण ही यादी गावागणिक थोडी बदलते.

कार्यालयाने होकार दिल्यानंतर सहा महिन्यांच्या आत विवाह करावा लागतो. जर्मन भाषा येत नसल्यास दुभाषी हवा. साक्षीदार मात्र ऐच्छिक आहेत आणि ते दोनपर्यंत आणता येतात. विवाहानंतर साध्या जर्मन दाखल्यासोबत बहुभाषिक आंतरराष्ट्रीय दाखलाही मागून घ्यावा. परदेशी विवाह अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार भारतीय दूतावासात त्या विवाहाची नोंदणी करता येते. त्यासाठी दोघांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असावा लागतो, आणि वय, नाते व पूर्वीचा विवाह यांविषयीच्या अटी नोंदणीच्या वेळीही पूर्ण व्हाव्या लागतात.