परक्या दरबारातील फ्रेंच नर्तकाचे चरित्र कसे लिहावे

फ्रान्समधून परदेशी राजदरबारी गेलेल्या बॅले नर्तकाचे चरित्र लिहायला घेणारा बहुधा त्याच्या आठवणींपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. असा नर्तक कलावंत खरा, पण कागदोपत्री तो दरबाराचा पगारदार नोकर होता. म्हणून त्याच्याविषयीचा भरवशाचा पुरावा आधी करारनामे, वेतनाच्या नोंदी आणि रजेचे अर्ज यांत शोधावा. पुढील विवेचनासाठी मारियुस पेतिपाचे उदाहरण घेतले आहे. 1847 मध्ये हा फ्रेंच नर्तक रशियातील सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तिथलाच झाला. शिवाय त्याच्याबाबत दोन्ही प्रकारची साधने उपलब्ध असून ती सगळीकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले काम जन्माची नोंद मिळवण्याचे. पेतिपाच्या आठवणींत जन्मवर्ष 1822 दिलेले आहे, तर मार्सेयच्या नोंदीप्रमाणे तो 11 मार्च 1818 रोजी जन्मला. रंगमंचावरच्या माणसाने वय कमी सांगावे यात नवल नाही. पण ही चार वर्षे हिशेबात धरली की रशियात पोहोचलेला नर्तक पंचविशीतला होतकरू तरुण न राहता तिशीच्या उंबरठ्यावरचा, पायांच्या जोरावर आणखी किती वर्षे निघतील याचा विचार करणे भाग असलेला माणूस ठरतो. त्याने पुढे नृत्यरचनेकडे वळण्याचा अर्थही त्यामुळे बदलतो.

त्यानंतर नर्तकाचे घराणे तपासावे, कारण या व्यवसायात नोकऱ्या बऱ्याचदा नात्यागोत्यातून मिळत. पेतिपाचे वडील जाँ हेही नर्तक व नृत्यशिक्षक होते आणि मुलापाठोपाठ तेही सेंट पीटर्सबर्गच्या नाट्यशाळेत शिकवू लागले. थोरला भाऊ ल्युसियाँ पॅरिस ऑपेराचा आघाडीचा नर्तक होता. 1846 मध्ये पॅरिसला ‘पाकिता’ या बॅलेत ल्युसियाँने जी नायकाची भूमिका प्रथम केली, तीच भूमिका पुढच्याच वर्षी मारियुसने रशियात केली. पॅरिसमध्ये गाजलेली कलाकृती, ती बसवू शकणारा माणूस आणि घराण्याचे नाव अशा तिन्ही गोष्टी दरबाराच्या पदरी एकदमच पडत होत्या, हे अशा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते.

मग ज्या संस्थेत तो नोकरीला होता तिची रचना समजून घ्यावी. रशियातील शाही नाट्यगृहांचे संचालनालय 1826 पासून दरबार मंत्रालयाच्या अखत्यारीत होते, आणि त्याचे दप्तर आज सेंट पीटर्सबर्गच्या राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात 497 क्रमांकाच्या संग्रहात आहे. या व्यवस्थेत फ्रेंच माणसाने वरिष्ठ पदावर असणे अपवादात्मक नव्हते. 1738 मध्ये हिवाळी राजवाड्यात नृत्यशाळा सुरू करणारा जाँ-बातिस्त लांदे हाही फ्रेंचच होता. नर्तकाचे वर्ष दरबाराच्या दिनक्रमाने बांधलेले असे: ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात बॅलेचे प्रयोग बंद असत आणि राजघराण्यात मृत्यू झाला की सुतक नाट्यगृहालाही लागे. 1894 च्या शरद ऋतूत झार तिसरा अलेक्झांडर वारला, त्यामुळे पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव यांनी बसवलेल्या ‘स्वान लेक’चा प्रयोग जानेवारी 1895 पर्यंत लांबला. दरबाराची ही दिनदर्शिका समोर नसेल, तर चरित्रातल्या अशा रिकाम्या महिन्यांना आजारपण किंवा मतभेद अशी कारणे चिकटवण्याचा मोह होतो.

तारखांबाबत विशेष जपावे. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चालू होते. ते एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या पंचांगापेक्षा बारा दिवस आणि विसाव्या शतकात तेरा दिवस मागे होते. म्हणून ‘ला बायादेर’ या भारतीय कथानकाच्या बॅलेचा पहिला प्रयोग 23 जानेवारी 1877 आणि 4 फेब्रुवारी 1877 असा दोन्ही तऱ्हांनी छापलेला सापडतो. टिपण काढतानाच कोणते पंचांग ते लिहून ठेवावे. मागाहून हा गुंता सोडवणे फार जिकिरीचे होते. कोपनहेगन किंवा स्टॉकहोमला गेलेल्या नर्तकांच्या बाबतीत ही अडचण निदान 1753 नंतर उरत नाही, कारण डेन्मार्कने 1700 मध्ये आणि स्वीडनने 1753 मध्ये पंचांग बदलले होते.

नर्तकाचे प्रत्यक्ष काम दाखवणारा एखादा कागद मिळाला, तर त्यावर सढळ हाताने पाने खर्च करावीत. ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेसाठी पेतिपाने संगीतकार चायकोव्हस्कीला फ्रेंचमध्ये लिहून दिलेली मागणी हा असा कागद आहे. राजकन्येला म्हातारी दिसते तेव्हा 2/4 चा, म्हणजे दर मापाला (तालाच्या एका आवर्तनाला) दोन मात्रांचा ताल. तो हळूहळू 3/4 च्या, म्हणजे तीन मात्रांच्या मधुर वॉल्ट्झमध्ये बदलावा. मग अचानक विराम, बोटाला टोचते, किंकाळी, रक्त, आणि वेदनेसाठी 4/4 ची आठ मापे. संगीतकाराला इतक्या काटेकोरपणे माप सांगणाऱ्या माणसाच्या कामाच्या रीतीविषयी या काही ओळी जे सांगतात, ते स्तुतीच्या दहा लेखांत सापडणार नाही. रशियन भाषा त्याला अखेरपर्यंत धड आली नाही. परंतु दरबारात फ्रेंच चाले आणि बॅलेची परिभाषाही फ्रेंच होती, त्यामुळे त्याचे फारसे अडले नसावे.

आठवणी आणि रोजनिशी मी मुद्दाम शेवटी ठेवतो. पेतिपाच्या आठवणी 1906 मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध झाल्या, म्हणजे संचालक तेल्याकोव्हस्की याने त्याला कारभारातून बाजूला सारल्यानंतर. त्यांतील बराच भाग म्हणूनच जुने हिशेब चुकते करण्यासाठी लिहिलेला आहे. माद्रिदमधल्या द्वंद्वयुद्धासारखे रंगतदार प्रसंग ‘त्याच्या म्हणण्याप्रमाणे’ अशी जोड देऊनच वापरावेत. याउलट त्याच्या अखेरच्या वर्षांतील रोजनिशीत दुखणी, पैसा आणि घरगुती बारीकसारीक गोष्टी आहेत, आणि त्या कोणावर छाप पाडण्यासाठी लिहिलेल्या वाटत नाहीत. तेल्याकोव्हस्कीनेही रोजनिशी लिहून ठेवली आहे. ज्या काळातल्या दोघांच्याही नोंदी मिळतात, तेवढा काळ दिवसागणिक समोरासमोर मांडून वाचावा आणि संचालनालयाचे त्या दिवसांचे आदेश त्यांना लावून पाहावेत. जिथे तिन्ही कागद जुळतात तेवढेच विधान निःशंकपणे करावे आणि उरलेले ज्याचे त्याच्या नावावर मांडावे.