मोर्स कोडमधे लिहायचं-वाचायचं कसं, आणि आईची आरडी का होते

मोर्समधे डॉट आणि डॅश एवढंच असतं असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं, पण खरी गडबड होते ती मधल्या मोकळ्या जागेमुळे. भाच्याला मी मोठ्या हौसेने 'आई' असं मोर्समधे पाठवलं, घाईत सगळं सलग टाईप केलं, .-.-.. असं, आणि त्याचा रिप्लाय आला, मामा कुठल्या बँकेत? तर झालं असं की आई म्हणजे रोमनमधे ए ए आय, म्हणजे .- .- .. असं तीन तुकड्यात लिहायला पाहिजे होतं, आणि त्याने तेच सलग वाचून .-. आणि -.. असे दोन तुकडे पाडले, जे होतात आर आणि डी. चिन्हं सहाच्या सहा तीच, फक्त जागा हलली आणि आईची आरडी झाली.

म्हणून पहिला नियम, अक्षर संपलं की एक स्पेस, शब्द संपला की स्पेस देऊन तिरकी रेघ / आणि परत स्पेस. हे पाळलं तर निम्मं काम झालंच.

मराठी लिहायचं असेल तर आधी ते रोमनमधे करा, आपण चॅटवर करतो तसंच, स्पेलिंगचं फार टेन्शन घेऊ नका. मग एकेक अक्षर बदलत जायचं. सगळ्यात छोटी अशी:

ई .    टी -
आय ..    ए .-    एन -.    एम --

ई आणि टी इंग्रजीत सारखे लागतात म्हणून त्यांना एकेकच चिन्ह दिलंय. आपल्या रोमन मराठीत मात्र 'ए'चाच पाऊस पडतो, पण तोही दोन चिन्हांचाच आहे तेव्हा तक्रार नाही.

आता तीन चिन्हांची आठ अक्षरं, आणि इथे मराठीच्या बाईंनी शिकवलेलं कामी येतं, शप्पथ. यमाताराजभानसलगा आठवतंय ना? लघु म्हणजे डॉट, गुरु म्हणजे डॅश, एवढं धरलं की आठ गण म्हणजेच मोर्समधली तीन चिन्हांची आठ अक्षरं, एकही कमी नाही की जास्त नाही:

यमाता .-- डब्ल्यू
मातारा --- ओ
ताराज --. जी
राजभा -.- के
जभान .-. आर
भानस -.. डी
नसल ... एस
सलगा ..- यू

दहावीत वृत्त ओळखण्यापलीकडे याचा काही उपयोग असेल असं मला वाटलंच नव्हतं. एसओएस म्हणजे न गण, म गण, न गण, "नसल मातारा नसल" म्हणून बघा. (फक्त हा सिग्नल मधे जागा न सोडता एका दमात पाठवतात, ...---... असा, वरच्या नियमाला तेवढा अपवाद.) एक फरक लक्षात ठेवा, आपला गुरु दोन मात्रांचा असतो, मोर्सचा डॅश तीन डॉटएवढा लांब.

चार चिन्हांची बारा उरतात, ती पाठच करावी लागतात, इलाज नाही:

एच ....   व्ही ...-   एफ ..-.   एल .-..
पी .--.   जे .---   बी -...   एक्स -..-
सी -.-.   वाय -.--   झेड --..   क्यू --.-

आकडे सगळे पाच चिन्हांचे आणि एकदम सोपे. १ म्हणजे .---- , २ म्हणजे ..--- , असे डॉट वाढत वाढत ५ ला ..... होतात, मग ६ पासून डॅश पुढून यायला लागतात, -.... असे, आणि ० म्हणजे -----.

उलटं वाचताना आधी / वर तोडा, मग स्पेसवर, आणि मगच अक्षरं शोधा. हे घ्या: ..- -.. -.-- .- / -.-- . यात पहिला तुकडा सलगा म्हणजे यू, दुसरा भानस म्हणजे डी, मग वाय, मग ए, झालं 'उद्या', आणि पुढे वाय ई, म्हणजे 'ये'.

फोनवर टाईप करणाऱ्यांसाठी खास सूचना, कारण यात माझा अर्धा तास गेलाय. कीबोर्ड शहाणपणा करून तीन डॉटचं एकच … असं चिन्ह करतो आणि दोन डॅश जोडून — अशी लांब रेघ करतो, मग ते कुठल्याही कन्व्हर्टरमधे टाकलं की कचरा बाहेर येतो. सेटिंगमधे जाऊन स्मार्ट विरामचिन्हं बंद करा. काही चॅट ॲपमधे ओळीच्या सुरुवातीला डॅश आणि स्पेस आला की त्याची बुलेट होते, म्हणजे टीने सुरू होणाऱ्या मेसेजमधला टीच गायब.

ऐकून ओळखायचं असेल तर मात्र हा तक्ता बाजूला ठेवा. पोस्टातल्या कट्ट कडकट्टमधून तारमास्तर थेट अक्षरं लिहून काढायचे, डॉट मोजत बसायचे नाहीत, आणि डोळ्याने शिकलेल्याला ती मोजायची सवय लागते मग स्पीडच येत नाही. त्यापेक्षा के आणि एम अशा दोनच अक्षरांनी सुरुवात करा, अक्षर वेगात वाजवा पण दोन अक्षरांमधली जागा भरपूर ठेवा, शंभरातली नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर घ्या. पाठवताना हिशोब असा, अक्षराच्या आत चिन्हांमधे एक डॉटएवढी शांतता, दोन अक्षरांमधे तीन, दोन शब्दांमधे सात. टेबलावर टकटक करून मोर्स होत नाही बरं का, टक सगळे सारखेच लांब, शिट्टी किंवा टॉर्च वापरा.

प्रश्नचिन्ह ..--.. असं असतं, आता हे सोडवा:

-.-. .... .- .... .- / --.. .- .-.. .- / -.- .- ..--..