टाच, घोटा दुखून बरा होतोय? चालणं-व्यायाम वाढवताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चालताना दुखलं नाही म्हणून झेपलं असं धरून चालणं. माझा घोटा मुरगळला होता, तिसऱ्या आठवड्यात चालताना काहीच दुखेना म्हणून सलग तासभर चालून आले, रात्रीपर्यंत सगळं छान आणि सकाळी पाय जमिनीला टेकवला तर भिंत धरून बाथरूमला जावं लागलं. टाचेच्या दुखण्यातही असंच होतं, अंग गरम असताना दुखणं दबतं आणि रात्रभरच्या आरामानंतर वर येतं. म्हणून हिशोब दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलावर करा. दुखण्याला ० (काहीच नाही) ते १० (असह्य) असा आकडा द्या; तो ३ पर्यंत असेल आणि सकाळी नेहमीइतकंच असेल तर तेवढंच चालू ठेवा, सकाळी वाढलेलं असेल तर वेळ कमी करा.

पण कमी करा म्हणजे बंद नाही हं! आठवडेच्या आठवडे पाय वर घेऊन बसलं की पोटरीची ताकद जाते आणि परत चालायला लागलात की सगळा भार त्याच दुखऱ्या जागेवर येतो. चालणं झेपत नसेल तर सायकल किंवा पोहणं बघा.

वाढवताना वेळ, वेग, चढ यातलं एकावेळी एकच वाढवायचं, नाहीतर कशाने दुखलं तेच कळत नाही. पेनकिलर घेऊन चालायला जाऊ नका, सांगणारी वेदनाच गप्प होते. आणि लंगडायला लागलात की तिथेच थांबा, पुढे गुडघा-कंबर धरते.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असंही नाही. ओट्याजवळ उभं राहून एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळून बघा, दुखरा पाय किती डगमगतो ते लगेच दिसतं, हा सराव रोज करा. टाचेसाठी नुसतं स्ट्रेचिंग करत बसू नका, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच ३ सेकंदात वर, २ सेकंद तिथेच, ३ सेकंदात खाली, एक दिवसाआड.

मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, हाडावर एका ठिकाणी दाबलं की कळ येत असेल, झोपेतही ठणकत असेल किंवा पाय बधिर वाटत असेल तर घरचे प्रयोग थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा, डायबेटीस असेल तर अजिबात उशीर नको.