किडनी ट्रान्सप्लांट झालं, शुगरही आहे? हाडांच्या बाबतीत या चुका टाळा

ट्रान्सप्लांटनंतर घरातल्या सगळ्यांचं लक्ष किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर असतं, आणि ते असायलाच हवं. पण प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीमुळे हाडांची झीज सर्वांत जास्त होते ती याच पहिल्या ६ ते १२ महिन्यांत. किडनी निकामी असतानाच हाडं कमजोर झालेली असतात, त्यात डायबिटीस. मग साध्या ठेचेनंही हाड मोडू शकतं.

सर्वांत महागात पडते ती पायाची हयगय. नागपुरात कितीतरी वस्त्यांमध्ये सिमेंट रोड घरांपेक्षा उंच झालेत. फाटकातून निघताना पाऊल वाकडं पडतं, संध्याकाळी घोटा सुजतो. दुखत नाही म्हणजे मुरगळलाच असेल, असं धरून हळदीचा लेप, मालिश, गरम शेक सुरू होतो. बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. हाड मोडलं तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि पायाची कमान खचते. डॉक्टर याला शार्को फूट म्हणतात. तळहाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून बघा. एक पाऊल सुजलेलं, लालसर आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर त्यावर भार देणं तिथंच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. जखम असेल तर तीही सांगा, कारण इन्फेक्शनही असू शकतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे ताप येईलच असं नाही. शेक अजिबात नको, बधिर पाय भाजला तरी समजत नाही. पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी सूज उतरत नसेल तर पुन्हा जा, एमआरआय लागेल का ते विचारा.

दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीसोबत ही औषधं नव्या किडनीला इजा करतात.

हाडांच्या भीतीनं प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करणं तर फारच धोक्याचं, किडनी रिजेक्ट होऊ शकते. स्टेरॉइडनं शुगर वाढते; डॉक्टर त्याचा डोस कमी करत नेतात, तेव्हा इन्सुलिन मात्र जुनंच राहतं, याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मग पहाटे शुगर उतरते, बाथरूमला जाताना चक्कर येते आणि खुबा मोडतो. स्टेरॉइड कमी झालं की इन्सुलिनचं त्याच भेटीत विचारा. शुगरसाठी पायोग्लिटाझोन सुरू असेल तर तेही दाखवा; त्यानं, विशेषतः बायकांमध्ये, फ्रॅक्चरचा धोका वाढतो.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी तपासणीशिवाय महिनोन्‌महिने घेत राहू नका. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीलाच त्रास होतो. शेजाऱ्यांना मानवलेलं हाडांचं इंजेक्शन तुम्हालाही चालेलच असं नाही. ते किडनी किती काम करते, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पॅराथायरॉइड हार्मोन पाहूनच ठरतं.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या, पण टाइप २ डायबिटीसमध्ये आकडा बरा दिसत असतानाही हाड मोडतं. उंची कमी झाली असेल किंवा पाठीत बाक आला असेल, तर मणक्याचा एक्स-रेही मागा.