विधानसभेसाठी मतदार नोंदणी आणि मतदान : सोलापूरकरांसाठी

ओळखपत्र कपाटात आहे म्हणून मतदान करता येईलच असे नाही. यादीत नाव असणे ही खरी अट आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनी नमुना ६ (नव्या नावनोंदणीचा अर्ज) भरून, वयाच्या व पत्त्याच्या पुराव्यासह, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा. उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटल्यावर यादीत नाव घालता येत नाही, त्यामुळे आचारसंहितेची वाट पाहू नये.

सोलापुरात खरा घोळ पत्त्यांचा होतो. शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण हे मतदारसंघ एकमेकांना लागून असल्याने पूर्व भागातून जुळे सोलापुरात घर हलवले की मतदारसंघही बदलू शकतो. अशा वेळी नवा नमुना ६ नव्हे, तर नमुना ८ भरावा. आपल्याकडील तेलुगू व कन्नड आडनावे मराठीत निरनिराळी लिहिली जातात, तेव्हा अर्जातील अक्षरे आधारकार्डाशी ताडून पाहावीत. चूक झालीच तर दुरुस्तीही नमुना ८ नेच होते. शंका असल्यास १९५० या मदत क्रमांकावर फोन करून विचारावे.

मतदानाला जाताना मतदार ओळखपत्र, ते नसल्यास आधारकार्ड, पॅनकार्ड किंवा पासपोर्ट न्यावा. नुसती मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. बोटाला शाई लागल्यावर यंत्रावरील बटण दाबावे आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेआड सुमारे ७ सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर आपल्याच उमेदवाराचे नाव व चिन्ह आहे ना, हे पाहूनच बाहेर पडावे.