घरचा मीडिया सर्व्हर बाहेरून उघडत नाही, टीव्ही अडकतो: तपासायचं कुठून?

लातूरला घरी ठेवलेला जेलीफिन सर्व्हर (आपले व्हिडिओ आणि टीव्ही दुसऱ्या उपकरणांवर दाखवणारं मशीन) पुण्याच्या खोलीवरून उघडत नसेल, तर सेटिंग्जना हात लावण्याआधी एवढं ठरवा: बिघाड सर्व्हरवर आहे की वाटेत? घरातल्या कुणाला तरी वायफायवरच्या मोबाइलमध्ये सर्व्हरचा घरातला आयपी आणि पुढे ८०९६ हा पोर्ट टाकायला सांगा. उघडलं तर सर्व्हर ठीक आहे.

नाही उघडलं तर आधी लाइट जाऊन आली का ते विचारा. लाइट आल्यावर राउटर सर्व्हरला नवा आयपी देऊ शकतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे वळवणारी राउटरची सेटिंग) मात्र जुन्याच आयपीवर पाठवत राहतं. म्हणून राउटरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला एक आयपी कायमचा बांधून द्या. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज परत आली की मशीन चालू’ हा पर्याय लावा, नाहीतर बटण दाबायला कुणीतरी घरी असावं लागेल. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावाच. अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवून घ्या.

आता वाट. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला आयपी) आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. वेगळे असतील, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी उपयोग नाही. एकतर स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर सर्व्हरवर आणि मोबाइलवर टेलस्केल (उपकरणांना एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम) टाकून एकाच खात्याने लॉगिन करा. पोर्ट उघडावा लागत नाही, त्यामुळे आम्ही हाच मार्ग सुचवतो. टेलस्केलचे आयपीही १०० नेच सुरू होतात, गल्लत करू नका. त्याच्या स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ऐवजी ‘रिले’ दिसलं, म्हणजे डेटा मधल्या सर्व्हरवरून वळून येत असेल, तर व्हिडिओ संथ चालणार.

बाहेरची चाचणी घेताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावरच घ्या. काही राउटर घरातून स्वतःच्याच सार्वजनिक आयपीवर परत येऊ देत नाहीत. सगळं नीट असूनही बंद वाटतं.

उघडतं पण अडकतं? घरचा अपलोड स्पीड मोजा, डाउनलोड नव्हे. युजरच्या सेटिंग्जमध्ये इंटरनेट स्ट्रीमिंगची मर्यादा ४ एमबीपीएस ठेवली की ७२०पी सहसा निभतं.

लाइव्ह टीव्हीचं दुखणं निराळं. फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्वेकडून येतो. तो डीव्हीबी-एस२ ट्यूनर (डिशचा सिग्नल घेणारं कार्ड) आणि टीव्हीहेडएंड या सॉफ्टवेअरमार्फत घेत असाल, तर एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपाँडर (अनेक चॅनेल एकत्र आणणारी उपग्रहाची एक फ्रिक्वेन्सी) धरतो हे लक्षात ठेवा. हॉलमध्ये एक चॅनेल चालू असताना पुण्यात दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरचं लागणार नाही. त्यासाठी दुसरा ट्यूनर लागतो आणि एलएनबीही (डिशपुढचा सिग्नल पकडणारा भाग) दोन आउटपुटचा.

यातले बरेच चॅनेल एमपेग-२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये येतात. ब्राउझर ते थेट वाजवत नाही, म्हणून सर्व्हरला जागच्या जागी ट्रान्सकोड करावं, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावं लागतं. इंटेलचं मशीन असेल तर क्विक सिंक (हे काम ग्राफिक्स चिपकडून करून घेणारी सोय) चालू करा. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ग्राफिक्स डिव्हाइस कंटेनरला द्यावं लागतं, आणि सर्व्हर ज्या युजरखाली चालतो तो ‘रेंडर’ ग्रुपमध्ये (ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या गटात) हवा. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. तेव्हा माळ्यावर कोंडलेलं मशीन तापून आपोआप मंदावतं आणि दुपारीच चित्र थांबायला लागतं. त्याला मोकळी हवा द्या.

चॅनेल तासा-दोन तासांनी बंद पडत असेल तर ट्रान्सकोडच्या फोल्डरची डिस्क भरली का ते बघा. मुळीच लागत नसेल तर एमथ्रीयू यादीतली (चॅनेलच्या लिंकांच्या फाइलमधली) तीच लिंक व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवा. तिथेही बंद असेल तर सर्व्हर खोलून काही सापडणार नाही.

आणि सायंकाळी ७ च्या बातम्या गाइडमध्ये (कार्यक्रमांच्या वेळापत्रकात) रात्री साडेबाराला दिसत असतील, तर फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. गाइडच्या फाइलमधल्या वेळांपुढे +०५३० हवं, आणि कंटेनरचा टाइमझोन एशिया/कोलकाता. दुरुस्त करून गाइड रिफ्रेश करा.